वालधुनी : एका छोट्या नदीचे नाव, काठ आणि इतिहास

प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या ठाकुर्ली स्थानकाजवळून कल्याणकडे जाताना डाव्या हाताला उल्हास नदीची खाडी दिसते. भरतीच्या वेळी तिचे पाणी रुंद होते आणि ओहोटीला काठाचा चिखल उघडा पडतो. या पाण्यात मुरबाड, शहापूर, कर्जत आणि बदलापूर या बाजूंनी आलेल्या अनेक प्रवाहांचा वाटा आहे. त्यांपैकी काळू, भातसा आणि बारवी या नद्या शालेय भूगोलातून सर्वांना परिचित आहेत. परंतु कल्याण शहरालगत या खाडीला मिळणारा आणखी एक छोटा प्रवाह आहे. त्याचा उल्लेख भूगोलाच्या पुस्तकात सहसा आढळत नाही. वर्तमानपत्रात तो येतो तो केवळ पुराच्या किंवा प्रदूषणाच्या बातमीपुरता. हा प्रवाह म्हणजे वालधुनी नदी होय.

वालधुनी हे नाव कोकणातील नद्यांच्या नावांमध्ये वेगळे उठून दिसते. त्याचा अर्थ सहज लागत नाही. ज्या वस्त्यांमधून ही नदी वाहते, तेथील अनेकांच्या बोलण्यात ती 'वालधुनी नाला' म्हणूनच येते. एखाद्या प्रवाहाला नदी म्हणायचे की नाला, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शब्दांचा वाटतो. प्रत्यक्षात त्या शब्दावर प्रवाहाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी आणि पुष्कळदा प्रशासनाचे धोरणही अवलंबून असते. प्रस्तुत लेखात वालधुनीच्या नावाची चिकित्सा केली असून तिच्या काठाचा शिलाहार काळापासून आजपर्यंतचा इतिहास त्या नावाच्या संदर्भात मांडला आहे. या काठावर प्रत्येक कालखंडात काहीतरी महत्त्वाचे उभे राहिले; मात्र त्याला नाव देताना नदीचे स्मरण राहिले नाही. नदीचे नाव मागे पडणे आणि नदीची उपेक्षा होणे या दोन प्रक्रिया हातात हात घालून चालल्या, हा या लेखाचा प्रतिपाद्य विषय आहे.

नदीचा मार्ग

वालधुनीचा उगम अंबरनाथच्या परिसरात, काकोळे गावाजवळील टेकड्यांमध्ये होतो. तेथून ती अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर, अंबरनाथची वस्ती, उल्हासनगर आणि कल्याणचा वालधुनी परिसर असा प्रवास करते आणि कल्याणच्या उत्तर भागात उल्हास खाडीला मिळते. अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण या तीन तालुक्यांच्या मर्यादेतच तिचा उगम आणि शेवट आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेशी तिचा संबंध नाही. त्यामुळे तिला मोठ्या नदीसारखा दूरवरून येणारा पाणीपुरवठा लाभत नाही. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी आणि हिवाळ्यानंतर क्षीण होणारी अशी तिची मूळ प्रकृती आहे.

तिच्या शेवटच्या टप्प्याचे स्वरूप मात्र निराळे आहे. उल्हास नदी कल्याणजवळ भरती-ओहोटीच्या प्रभावाखाली असल्याने भरतीच्या वेळी वालधुनीच्या मुखाशी पाणी तुंबते. डोंगरातून येणारे गोडे पाणी आणि समुद्राकडून येणारे खारे पाणी यांचा संगम घडविणाऱ्या किनारपट्टीच्या छोट्या प्रवाहांमध्ये म्हणूनच वालधुनीची गणना करावी लागते. वालधुनीचे पाणी खाडीतून दुर्गाडीवरून पुढे ठाकुर्ली आणि डोंबिवलीच्या काठाने वाहत जाते. वरच्या तीन शहरांनी या नदीचे जे केले, त्याचा परिणाम खालच्या काठालाही भोगावा लागतो.

नावाची चिकित्सा

कल्याण परिसरातील स्थलनामे पाहिली असता त्यांचे काही ठरावीक साचे दिसतात. ठाकुर्ली, डोंबिवली, आंबिवली या नावांच्या शेवटी असलेले '-ली' अथवा '-वली' हे पद सामान्यतः संस्कृत 'पल्ली' या शब्दाशी जोडले जाते. पल्ली म्हणजे लहान वस्ती. अर्थात ही नावे मुळात माणसांच्या वसाहतीची आहेत. मुंबई-ठाणे भागातील अनेक छोट्या नद्यांना अशा वस्त्यांवरूनच नावे मिळाली आहेत. दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या मुंबईच्या तीन नद्या त्या त्या गावाच्या नावाने ओळखल्या जातात. कोकणातील खाड्यांबाबतही हेच घडते. एकच जलप्रवाह कल्याणपाशी कल्याणची खाडी होतो आणि वसईपाशी वसईची खाडी.

वालधुनीचे नाव या साच्यात बसत नाही. कल्याणमध्ये वालधुनी नावाची वस्ती आहे, वालधुनी पूल आहे. परंतु या नावाच्या अखेरीस वस्तीवाचक पद नाही. त्याच्या अखेरीस 'धुनी' हा शब्द आहे. आजच्या मराठीत धुनी म्हटले की साधू-बैराग्यांसमोर पेटत असलेला अग्नी आठवतो. संस्कृतात मात्र याच उच्चाराच्या शब्दाला दुसरा अर्थ आहे. 'धुनि' म्हणजे आवाज करणारा, खळाळणारा. आणि 'धुनी' म्हणजे नदी. अमरकोशात नदीचे जे पर्याय दिले आहेत, त्यांत तरंगिणी, तटिनी, स्रोतस्वती, निम्नगा यांच्या बरोबरीने धुनी हा शब्द येतो. गंगेला 'स्वर्धुनी' आणि 'सुरधुनी' म्हणतात तेही याच अर्थाने. त्यामुळे वालधुनी या नावातील उत्तरपद नदीवाचक आहे, असे मानणे सर्वाधिक सयुक्तिक ठरते.

पूर्वपदाविषयी तीन शक्यता विचारात घेता येतात. पहिली शक्यता 'वालुका' या शब्दाची. वालुका म्हणजे वाळू. वालुकाधुनी म्हणजे वाळूची नदी, असा अर्थ या व्युत्पत्तीतून निष्पन्न होतो. उल्हास खाडीच्या काठावर वाळू-रेतीचा व्यवसाय दीर्घकाळ चालत आला असून रेतीबंदर हे नाव या काठावर एकाहून अधिक ठिकाणी रूढ आहे. म्हणजेच वाळूवरून ठिकाण ओळखण्याची प्रथा या भागाला नवी नाही. शिवाय या व्युत्पत्तीत दोन्ही पदे संस्कृत असल्याने समासाची घडण एकसंध राहते.

दुसरी शक्यता वाल या कडधान्याची. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत भाताची कापणी झाल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरण्याची जुनी पद्धत आहे. नदीकाठच्या जमिनीत ओल अधिक काळ टिकत असल्याने तेथे वालाची शेते असणे स्वाभाविक होय. अर्थाच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती आकर्षक आहे. परंतु शेतकऱ्याच्या नित्य व्यवहारातील 'वाल' आणि पंडिती वळणाचा 'धुनी' यांची सांगड घालणारे नाव लोकांनी ठेवले असेल, हे पटण्याजोगे नाही.

तिसरी शक्यता 'वड' या शब्दाशी निगडित आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या वर्णनांत मंदिराजवळच्या प्रवाहाला वडवण असेही नाव दिलेले आढळते. नदीच्या मार्गावर वडोल नावाचे गावही आहे. 'वड' आणि 'वाल' ही एकाच शब्दाची दोन रूपे असावीत, असे त्यावरून सुचू शकते. भाषाशास्त्राच्या कसोटीवर मात्र हे अनुमान टिकत नाही. संस्कृतमधील मूळ 'ड' चा मराठीत 'ळ' होतो, जसे गुड-गूळ, षोडश-सोळा, तडाग-तळे. मूळ 'ट' चा मात्र सामान्यतः 'ड' होतो आणि तो तसाच राहतो, जसे वट-वड, घट-घडा. वड हा शब्द वट या शब्दापासून आलेला असल्याने त्याचे पुढे 'वाल' असे रूपांतर होण्यास आधार मिळत नाही. त्यामुळे वडवण आणि वालधुनी ही एकाच प्रवाहाच्या वेगवेगळ्या टप्प्यांना मिळालेली दोन स्वतंत्र नावे मानणे अधिक योग्य होय. लहान नद्यांच्या बाबतीत असे वारंवार घडते. माणसे आपल्या गावापुरत्या नदीला नाव देतात. संपूर्ण प्रवाहाला एकच नाव देण्याची गरज नकाशा तयार करणाऱ्याला भासते.

वालधुनी हे नाव मूळ लोकनामाचे नंतर झालेले संस्कृतीकरण असू शकेल, हा आक्षेपही विचारात घेण्याजोगा आहे. तथापि तसे असले तरी मूळ निष्कर्षाला बाध येत नाही. ज्यांनी हे नाव घडविले किंवा घोटून रूढ केले, त्यांनी या प्रवाहाला नदीवाचक शब्दच योजला. नाल्याला कोणी धुनी म्हणत नाही.

शिलाहारकालीन काठ

कल्याणची प्राचीनता सर्वमान्य आहे. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात कॅलिएना या नावाने कल्याण बंदराचा उल्लेख येतो. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांमध्ये कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख व्यापारी ठाण्यांत कल्याणची गणना केली आहे. या बंदराच्या पाठीमागचा प्रदेश म्हणजेच उल्हास आणि तिच्या उपनद्यांचे खोरे होय.

वालधुनीच्या काठावरचा सर्वांत जुना व सर्वांत महत्त्वाचा वास्तुविशेष म्हणजे अंबरनाथचे शिवमंदिर. उत्तर कोकणच्या शिलाहार राजघराण्यातील माम्वाणी अथवा मुम्मुणी या राजाच्या काळातील शिलालेख तेथे आहे. त्याचा काळ शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० असा आहे. भूमिज शैलीतील या मंदिराचे गर्भगृह सभामंडपाच्या पातळीपेक्षा बरेच खाली असून तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. बाह्य भिंतींवरील शिल्पकामामुळे हे मंदिर महाराष्ट्रातील मध्ययुगीन स्थापत्याच्या अभ्यासात मानाचे स्थान पटकावून आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कलाशाळेमार्फत त्याची रेखाटने आणि शिल्पांचे साचेही घेण्यात आले होते.

या शिलालेखाचा कालनिर्देश आरंभी शके ७८२ असा वाचला गेला होता. पुढे तो ९८२ असा निश्चित झाला. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले. शिलालेखातील अंक जेवढ्या काळजीने वाचावे लागतात, तेवढ्याच काळजीने नद्यांची नावेही वाचावी लागतात, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

मंदिरासाठी नदीकाठाची निवड होणे ही त्या काळाची रूढ पद्धत होती. स्नान, अभिषेक आणि उत्सव यांसाठी पाणी आवश्यक असे. पाण्याच्या सान्निध्याला धार्मिक महत्त्वही होते. महाशिवरात्रीला अंबरनाथ येथे आजही मोठी यात्रा भरते. मात्र या मंदिराविषयी जेवढे लिहिले गेले, त्याच्या तुलनेत शेजारच्या नदीविषयी अत्यल्प लिहिले गेले. मंदिराच्या वर्णनात नदी येते ती एखाद्या वाक्यापुरती. हा या नदीच्या विस्मरणाचा पहिला टप्पा म्हणता येईल.

लोहमार्ग, तलाव आणि वीजगृह

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या परिसराचा भूगोल बदलला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी रेल्वे सुरू झाली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत पोहोचली. पुढील दोन वर्षांत कल्याणहून दोन फाटे निघाले. १८५५ मध्ये वासिंदपर्यंतचा आणि १८५६ मध्ये पळसधरीमार्गे खोपोलीपर्यंतचा मार्ग खुला झाला. थळ घाट आणि बोर घाट चढून देशावर जाणाऱ्या या दोन्ही मार्गांच्या आड वालधुनी येत होती. रेल्वेच्या दृष्टीने ती ओलांडण्याचा एक प्रवाह होती आणि तेवढीच तिची नोंद झाली.

वाफेच्या इंजिनांना पाण्याची सतत गरज असे. त्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने वालधुनीच्या उगमाकडील भागात काकोळे येथे तलाव बांधला. परिसरातील लोक आजही त्याला 'जीआयपी टँक' अथवा 'जीआयपी धरण' म्हणतात. ती कंपनी १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. तिचे नाव मात्र तलावाने जपले. ज्या नदीचे पाणी त्यात साठले, तिचे नाव त्या तलावाला मिळाले नाही. अलीकडच्या काळात याच परिसरात रेल्वेच्या बाटलीबंद पाण्याचा प्रकल्प उभा राहिला. उगमापाशी प्रवाशांसाठी पिण्याचे पाणी बाटलीत भरले जाते आणि काही किलोमीटर अंतरावर त्याच नदीच्या काठाने जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

रेल्वेचे विद्युतीकरण हा पुढचा टप्पा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत पहिली विजेवरची गाडी धावली आणि १९२९-३० पर्यंत विजेचे मार्ग घाट चढून पुणे व इगतपुरीपर्यंत गेले. या कामासाठी रेल्वेने ठाकुर्लीजवळ खाडीकाठी स्वतःचे औष्णिक वीजगृह उभारले. चोळे या गावावरून ते 'चोळा पॉवर हाऊस' म्हणून ओळखले गेले. ऐंशीच्या दशकात ते बंद पडले. या वीजगृहामुळे ठाकुर्लीत रेल्वे कर्मचाऱ्यांची वसाहत वाढली आणि भातशेती व खाडी यांवर जगणाऱ्या गावाची ओळख बदलली. काकोळ्याचा तलाव आणि ठाकुर्लीचे वीजगृह ही एकाच जलव्यवस्थेच्या दोन टोकांवरची रेल्वेची दोन ठाणी होती. एकाने वाफेच्या युगाला पाणी पुरविले, तर दुसऱ्याने विजेच्या युगाला शक्ती दिली.

छावणी आणि उल्हासनगर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभारण्यात आली. युद्धानंतर रिकाम्या झालेल्या या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आश्रय देण्यात आला. घरदार, व्यवसाय आणि आपली सिंधू नदी मागे सोडून आलेल्या या लोकांनी वालधुनीच्या काठावर नवा संसार मांडला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. जुन्या छावणीची खूण 'कॅम्प नंबर एक' ते 'कॅम्प नंबर पाच' या विभागांच्या नावांत अद्याप शिल्लक आहे.

उल्हासनगर हे नाव उल्हास नदीवरून घेतले गेले. उल्हास म्हणजे आनंद, हा अर्थही त्या काळाच्या आशावादाला साजेसा होता. त्या नावाचे औचित्य निर्विवाद आहे. परंतु नकाशा पाहिला असता एक गोष्ट लक्षात येते. उल्हास नदी या शहराच्या उत्तरेच्या कडेने वाहते. शहराच्या मध्यातून वाहते ती वालधुनी. शहर एका नदीच्या काठावर वसले आणि त्याने नाव दुसऱ्या नदीचे घेतले. मोठ्या नदीच्या नावापुढे छोट्या नदीचे नाव झाकोळून जाण्याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. एखाद्या शहराचे नाव ज्या नदीवरून पडते, तिच्याविषयी नागरिकांच्या मनात अभिमान निर्माण होण्यास वाव असतो. वालधुनीच्या वाट्याला तो आला नाही.

येथे निर्वासितांना दोष देण्याचे कारण नाही. उपजीविकेचे साधन नसलेल्या समाजाने अल्प भांडवलावर लहान लहान उद्योग उभे केले आणि त्यातून एक उद्यमशील शहर घडले. सांडपाण्याची व्यवस्था ही शासनाची आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी होती. वस्ती वाढण्याच्या वेगाने ती उभी राहिली नाही. परिणामी घरगुती सांडपाण्याला नदी हाच जवळचा मार्ग उरला.

नदी की नाला?

अंबरनाथमध्ये औद्योगिकीकरणाची सुरुवात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच झाली होती. आगपेट्या बनविणाऱ्या 'विमको' कंपनीचा कारखाना तेथे होता. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने आले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर अंबरनाथ, बदलापूर आणि डोंबिवली येथे औद्योगिक क्षेत्रे विकसित झाली आणि त्यांत रासायनिक कारखान्यांचे प्रमाण लक्षणीय होते. पुढे उल्हासनगरात जीन्सचे कपडे शिवण्याचा, रंगविण्याचा आणि धुण्याचा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर फोफावला. जीन्स धुलाईच्या घटकांतून बाहेर पडणाऱ्या रंगामुळे वालधुनीचे पाणी कधी निळे, तर कधी काळे दिसू लागले. धुनी म्हणजे नदी हा अर्थ विसरल्यावर नावातला धुण्याशी मिळताजुळता उच्चार तेवढा प्रत्यक्षात उतरला, असे खेदाने म्हणावे लागते.

याच काळात 'नाला' हा शब्द अधिक घट्ट झाला. शब्दाचा हा बदल निरुपद्रवी नाही. मराठी माणसाच्या मनात नदी आणि नाला यांविषयीच्या भावना भिन्न आहेत. नदीची ओटी भरली जाते, तिच्यावर घाट बांधला जातो. नाला तुंबू नये म्हणून साफ केला जातो, त्याला भिंती घातल्या जातात आणि शक्य झाल्यास तो झाकला जातो. नदीत घाण टाकणे हे निदान बोलण्यापुरते तरी पाप मानले जाते. नाल्याचा तर तोच उपयोग समजला जातो. प्रवाहाला नाला म्हणणे म्हणजे त्याच्या प्रदूषणाला आगाऊ संमती देणे होय.

कायद्याची भूमिका मात्र अशी नाही. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमात प्रवाहाची जी व्याख्या दिली आहे, तीत नदी, वाहता अथवा तात्पुरता कोरडा पडलेला कोणताही जलमार्ग, नैसर्गिक वा कृत्रिम अंतर्गत जल, भूगर्भातील पाणी आणि भरतीचे पाणी या सर्वांचा समावेश आहे. म्हणजे नाला ठरविल्याने कोणत्याही प्रवाहाचे कायदेशीर संरक्षण संपत नाही. धोरणाच्या पातळीवर मात्र चित्र बदलत राहिले. नदीकाठी कोणते उद्योग किती अंतरावर असावेत, याविषयी महाराष्ट्र शासनाने २००० मध्ये नदी नियमन क्षेत्राचे धोरण जाहीर केले आणि २००९ मध्ये त्यात सुधारणा केली. २०१५ मध्ये ते मागे घेण्यात आले.

या उपेक्षेची किंमत माणसांनी मोजली. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरच्या वडोल गाव परिसरात नदीत टँकरमधून सोडलेल्या रसायनांमुळे विषारी वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात दाखल करावे लागले. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न 'वनशक्ती' या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला होता. लवादाने २०१५ मध्ये या प्रकरणी संबंधित स्थानिक संस्था आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांच्यावर आर्थिक जबाबदारी निश्चित केली. एका छोट्या नदीचे नाव त्यानिमित्ताने राष्ट्रीय पातळीवरील न्यायिक दप्तरात नोंदले गेले. दुर्दैवाने ती नोंद तिच्या विद्रूपतेची होती.

पुराची साक्ष

दैनंदिन व्यवहारात विसरलेली नदी पावसाळ्यात स्वतःची आठवण करून देते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या अतिवृष्टीत कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या भागांतही हाहाकार उडाला. वालधुनीच्या काठावरील वस्त्या पाण्याखाली गेल्या. वरून येणारे पाणी, अरुंद झालेले पात्र आणि मुखाशी खाडीच्या भरतीचा अडथळा, या तिन्हींचा एकत्रित परिणाम अशा वेळी दिसून येतो.

या संदर्भात मुंबईतील मिठी नदीचे उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. २००५ पूर्वी अनेक मुंबईकरांना मिठी ही नदी आहे याचीच कल्पना नव्हती. ती त्यांच्या लेखी एक मोठा नाला होती. पुरानंतर तिचे नदीपण मान्य झाले. शासनाने ऑगस्ट २००५ मध्ये मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन केले. जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुराच्या कारणांचा अभ्यास केला. पुढील कामांच्या गुणवत्तेविषयी मतभेद असू शकतात. परंतु नदी म्हणून ओळख मिळाल्याखेरीज हा विचारच सुरू झाला नसता, हे नाकारता येत नाही.

वालधुनीच्या बाबतीत अडचण अधिक आहे. ती एका शहराची नदी नाही. अंबरनाथ नगरपरिषद, उल्हासनगर महानगरपालिका आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अशा तीन स्थानिक संस्थांच्या हद्दींतून ती जाते. प्रत्येक संस्थेला आपल्या हद्दीतला तुकडा दिसतो आणि त्या तुकड्यापुरती नालेसफाई केली जाते. उगमापासून मुखापर्यंतचा अखंड प्रवाह मात्र कोणाच्याच दप्तरात एकत्र येत नाही. पूर्वी गावागणिक नावे बदलत होती, तरी त्या प्रत्येक नावामागे ओळख आणि आपलेपणा होता. आता नाव एकच आहे, परंतु आपलेपणा तुकड्यातुकड्यांतही उरलेला नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला निष्कर्ष असा की, वालधुनी या नावातील उत्तरपद नदीवाचक असून पूर्वपदाचा संबंध वालुकेशी जोडणे इतर दोन शक्यतांपेक्षा अधिक सयुक्तिक ठरते. त्यामुळे 'वालधुनी नाला' हा शब्दप्रयोग वस्तुस्थितीशी आणि नावाच्या अर्थाशीही विसंगत आहे. दुसरा निष्कर्ष असा की, अकराव्या शतकातील मंदिर, रेल्वेचा तलाव, लष्करी छावणी, निर्वासितांचे शहर आणि औद्योगिक वसाहत या सर्वांना या छोट्या प्रवाहाचा आधार मिळाला. तथापि त्यांपैकी एकानेही आपल्या नावात तिला स्थान दिले नाही. तिसरा निष्कर्ष असा की, नदीला नाला समजण्याची प्रवृत्ती ही तिच्या प्रदूषणाचा केवळ परिणाम नसून त्याचे एक कारणही आहे.

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात किल्ले, मंदिरे आणि घराणी यांना मिळते तेवढे स्थान छोट्या जलप्रवाहांना मिळत नाही. वस्तुतः कल्याण-डोंबिवली परिसरातील महाविद्यालयांना हा विषय सहज हाताळता येण्याजोगा आहे. काठावरील गावांतील वृद्धांच्या आठवणी, जुने भूमापन नकाशे, सातबारा उताऱ्यांतील शेतांची नावे आणि पुराच्या खुणा यांचे संकलन इतिहास, भूगोल, मराठी आणि पर्यावरणशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे केल्यास एका नदीचे चरित्र सिद्ध होऊ शकेल. विद्यार्थ्यांना त्यासाठी दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. त्यांच्यापैकी अनेकजण महाविद्यालयात येताना रोज ही नदी ओलांडतात. आपण नाला नव्हे, नदी ओलांडतो आहोत, ही जाणीव त्यांना झाली तरी या अभ्यासाचे पहिले पाऊल पडले असे म्हणता येईल.